‘आधी घरी विचारा’ म्हणणारे खंदारे सर

एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर न देणारे आमचे सर काल गेले.

सकाळचा चहा घेतला, पेपर मागितला, आणि खुर्चीतच गेले. त्रास नाही, दवाखाना नाही. सरांच्या सूनबाईंनी ग्रुपवर कळवलं.

खंदारे सर सेलूच्या कॉलेजात राज्यशास्त्र आणि इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव साधंच, ‘गृहपाठ’. कोणीही यावं, प्रश्न टाकावा. पैसे नाहीत, काही नाही.

पण नियम एकच, आणि तो लय वाईट.

प्रश्न टाकला की सरांचा व्हॉइस मेसेज यायचा, “घरात कोण कोण आहे? आधी त्यांना विचारा. ते काय म्हणतात ते इथं पाठवा. मग मी बोलतो.”

एका मुलीने वैतागून लिहिलं होतं, “सर, गुगल लगेच सांगतं.”

सर म्हणाले, “मग त्यालाच विचार बाळ. मी कुठं नाही म्हणतोय?”

मी तेव्हा बाहेरून बीए करत होते. म्हणजे करू देतील की नाही, तेच ठरायचं होतं.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. लेक शाळेत जायला लागल्यावर मी नवऱ्याजवळ विषय काढला. त्यांची ना नव्हती. सासूबाईंची होती. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्यांनी सरळ सांगितलं, “या वर्षी पास झालीस तर पुढचं बघू. नापास झालीस तर पुस्तकं माळ्यावर.”

आणि मला राज्यशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यात गृहपाठाला प्रश्न आला, ‘ग्रामपंचायतीतील महिलांचा सहभाग स्पष्ट करा.’ मी ग्रुपवर टाकला. सरांचं ठरलेलं, “रेखाताई, घरात कोण आहे?”

आता सरांना काय सांगू? घरात प्रत्यक्ष माजी मेंबर होत्या. महिला राखीव जागेवर आत्या एकदा निवडून आल्या होत्या. पण आमच्या घरात तो विषय कधी निघत नसे. कारभार सगळा सासऱ्यांनी केला, असं गावच म्हणायचं.

दोन दिवस टाळलं. मग आत्या भाकरी करायला बसल्या तेव्हा फोनचं माइकचं बटन अंगठ्याने दाबून धरलं आणि विचारलं, “आत्या, तुमी मेंबर असताना काय काय केलं?”

झालं.

“सही केली. दुसरं काय करतेत? मीटिंगीत तुजे सासरे बसायचे, मी भाईर. एकदाच बोलले. पाण्याची टाकी खालच्या आळीला बांधायले होते. म्या दारातूनच म्हणलं, खाली बांधल्यावर वरच्या आळीला पाणी चढंल का? सगळे गप. अन् तुला काऊन पायजे गं हे? दिसभर फोनात मुंडकं घालून बसायलीस. चुलीपाशी तरी ठिव त्याला तिकडं. अशानं पास होत असतेत व्हय?”

बोलणी सुरू झाली म्हणून मी मेसेज रद्द करणार, तेवढ्यात त्यांनी पिठाचा हात उगारला, मी दचकले, अंगठा सुटला.

अंगठा सुटला की मेसेज जातो. गेला. अख्ख्या ग्रुपवर. टाकीसकट आणि माझ्या मुंडक्यासकट.

डिलीट करायच्या आत सरांनी ऐकलाही होता. म्हटलं, आता आत्यांना कळणार की त्यांचं बोलणं जगाला ऐकवलंय, आणि पुस्तकं आजच माळ्यावर.

तेवढ्यात सरांचा व्हॉइस मेसेज आला, मी घाईत तो लावला. तो आत्यांनीही ऐकला, कारण फोनचा स्पीकर फुल होता.

“मेंबरबाई, नमस्कार. मग टाकी शेवटी कुठं झाली?”

आत्यांचा हात पिठातच थांबला.

त्यांना मेंबरबाई कोणी म्हटलंच नव्हतं. पाच वर्षं खुर्ची होती तेव्हाही नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सांग त्यांला. वरच्याच आळीला झाली म्हणावं.”

मी म्हटलं, “तुमीच सांगा.” आणि फोन पुढे धरला.

त्या सांगायला लागल्या ते भाकरी करपली तरी थांबल्या नाहीत. सगळं ऐकून घेऊन सर बोलले. राखीव जागा कशासाठी आल्या, ग्रामसभा म्हणजे काय, बाईने दारातून बोलणं आणि खुर्चीत बसून बोलणं यात काय फरक पडतो. ते मला आजही पाठ आहे. पेपरात तेच लिहिलं.

पास झाले. आत्यांनी गल्लीत सांगितलं, “आमी पास झालो.”

नंतर तर त्याच विचारायच्या, “आज काय प्रश्न हाय गं ग्रुपवर?” फोनपायी बोलणी मात्र मला अजूनही खावी लागतात. ते काही सुटलं नाही.

सरांना आम्ही एकदाच भेटलो, सेलूला. आत्यांनी शेतातल्या शेंगा नेल्या होत्या. सर उठले, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, “बसा मेंबरबाई.” आत्या आधी लाजल्या, मग ऐटीत बसल्या. परत येताना एसटीत गाणं गुणगुणत होत्या. मला लय भारी वाटलं होतं त्या दिवशी.

माझं आता शेवटचं वर्ष आहे.

आज सकाळी ग्रुपवर एका नव्या पोरीने प्रश्न टाकला. निजामाच्या राज्यात गावचा कारभार कसा चालायचा म्हणून. तिला सर गेल्याचं माहीत नसावं. सगळ्यांनी वाचलं. मी दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. रडू येत होतं.

आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. माइकचं बटन दाबून धरलं, बरोबर दाबलं, आणि म्हणाल्या,

“बाई, सर काल गेले. तुज्या घरात कोण कोण हाय? आधी त्यांला इचार. मग आमी बोलतो.”

सर, ग्रुप चालू आहे. काळजी नसावी.

माझा आणि आमच्या मेंबरबाईंचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.