विगोचा न मोजलेला हात

"बिचारा विगो" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कसला बिचारा? एकतीस वर्षं त्यानं फ्रेडरिक्सहाउनच्या गोदीत जहाजांचं वेल्डिंग केलं. दोन लग्नं केली आणि दोघींशी कडाकडा भांडला. गोदीच्या बोलिंग संघाचा कप्तान होता, आणि सामना हरला की तीन दिवस तोंड पाडून बसायचा. मी त्याच गोदीच्या कँटीनमध्ये बटाटे सोलत होते, त्यामुळे ते तोंड मला चांगलं पाठ आहे.

मग मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "नॉ". आमच्या डेन्मार्कात या एका शब्दात माणूस "असं का", "बरं", "जिरली ना" असं सगळं म्हणू शकतो, त्यामुळे विगोचं बोलण्यावाचून फार काही अडलं नाही. अडलं ते बाकीचं. मटणाचे तुकडे दुसरा कोणी करून देणार, शर्टाची बटणं दुसरा कोणी लावणार, अंघोळ दुसरा कोणी घालणार.

फक्त गुरुवारी कॉफीनंतर त्याला कोणी हात लावायचा नाही. आमच्या वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये तेव्हा पडद्यावरचं बोलिंग असायचं. रिमोट धरून हात झुलवला की पडद्यावर चेंडू धावतो. खुर्च्या गोल मांडलेल्या, आपला चेंडू टाकून झाला की रिमोट डावीकडच्याला द्यायचा. विगोच्या डावीकडे मी. तो डाव्या हातानं, बसल्या बसल्या, दहाच्या दहा खुंट्या पाडायचा, रिमोट माझ्या मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "नॉ."

दीड वर्ष मी ते "नॉ" ऐकलं. माझे दोन्ही हात धड, आणि दर गुरुवारी हरायची मीच.

फेब्रुवारीत ते जुनं यंत्र बंद पडलं. आश्रमाच्या हितचिंतक मंडळानं नवं दिलं, सोबत आमच्या पसंतीची एक गेम. बोलिंगची जुनी तबकडी नव्यात चालत नाही म्हणे. एकच गेम का, तर पुढची पुढच्या वर्षी. आमचे कार्यक्रम बघणारी मालेने दोन चित्रं घेऊन आली, एक बोलिंगचं आणि एक नाचाचं. नाचात आठ जण एकदम भाग घेऊ शकतात, बोलिंगमध्ये एक खेळतो आणि बाकीचे घोरतात, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

मग मतदान. आमच्याकडे जेवणात बीट की काकडी यावरसुद्धा मतदान होतं. हात वर करा, मोजा, कागदावर लिहा, फळ्यावर लावा, झालं.

नाचाला बारा हात. बोलिंगला अकरा.

विगोचा हात वर गेलाच नाही. उजवा हलत नाही आणि डाव्यात जुना रिमोट घट्ट धरलेला. बंद यंत्राचा रिमोट, पण त्या दिवशी तो सकाळपासून सोडायला तयार नव्हता. एकदा सोडला तर कोणीतरी काढून घेईल असं त्याला वाटत असणार. मालेनेची नजर त्याच्यावरून सरळ पुढे गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की विगोचं बोलिंगला धर. मी म्हटलं नाही. वर त्या बारा हातांमधला एक माझा होता. माझा एक खुबा स्टीलचा आहे, मी काय कपाळ नाचणार होते? पण त्या "नॉ"पासून सुटका होईल असं वाटलं. दीड वर्षाचं हरणं त्या हातात होतं.

त्यानंतर विगो कॉफीला येईनासा झाला. खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचा. भरवायला गेलं की ओठ मिटून घ्यायचा. मुलगी ऑलबोर्गहून आली, तिच्याशीही "नॉ" नाही. आश्रमातल्या कामाच्या पोरी कुजबुजायला लागल्या, बिचारा विगो, आता वय झालं. वय झालं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मंगळवारी तशीच मालेनेच्या खोलीत गेले. सांगितलं की एक मत मोजायचं राहिलंय आणि माझं चुकीचं पडलंय.

"अगं गुडरून, निकाल फळ्यावर लागलाय," ती म्हणाली. "सप्टेंबरच्या बैठकीत मांडू या."

सप्टेंबर! आमच्या मजल्यावर सप्टेंबरची खात्री कोणाला आहे? मी तिला हेच विचारलं. ती अगदी गोड हसली. त्या हसण्यावर टेबलावरची कॉफी ओतावी असं वाटलं.

पण तिच्यामागे फळीवर नव्या गेमचं खोकं होतं. दुकानाच्या कागदात बांधलेलं, आणि मागे बदलून घ्यायचं स्टिकर. आमच्याकडे भेटवस्तूला ते असतंच. बांधणी सोडली नसेल तर दुकानात जा आणि दुसरं घे, कोणी का म्हणून विचारत नाही.

मालेने जेवायला गेली तेव्हा मी खोकं माझ्या वॉकरच्या टोपलीत घातलं, वर स्वेटर टाकला आणि निघाले. बंदरावरून असा वारा, की वॉकर मला ढकलतोय की मी वॉकरला ते कळेना. दुकानातल्या मुलीनं विचारलं, नातवाला आवडली नाही वाटतं? म्हटलं, नातू-बितू राहू दे, तुला काय करायचंय, मला बोलिंग हवंय. तिनं निमूट बदलून दिलं, तशाच कागदात बांधूनही दिलं.

गुरुवारी हॉल भरला. मी स्वतः जाऊन विगोची खुर्ची ढकलत आणली. तो मान वळवून बसला होता. मालेनेनं सगळ्यांसमोर कागद फाडला आणि तिचा चेहरा पडला. कोणी केलं हे?

"मी केलं," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी विगोचं मत मोजलं नाही, तेव्हा शेजारी बसून नुसती बघत राहिले तीही मीच."

गलका झाला. कोणी चोरी म्हणालं, कोणी लोकशाही. म्हातारा एगोन तर पोलीसच बोलावणार होता. म्हटलं, बोलाव, पण आधी चेंडू टाकू दे. मालेनेनं तबकडी घातली आणि नवा रिमोट विगोच्या डाव्या हातात दिला.

त्यानं मान वळवली. हात झुलवला. दहाच्या दहा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मगाशी चोरी म्हणणाऱ्यांनीसुद्धा. मी मांडी पुढे केली, आता येईल रिमोट, आता येईल "नॉ". खरं सांगते, त्या "नॉ"साठी मी कासावीस झाले होते.

विगोनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या अंगावरून हात लांब केला आणि रिमोट माझ्या पलीकडच्या एगोनला दिला.

मला असा संताप आला! वाऱ्यात वॉकर ढकलत मी गेले, चोर मी ठरले, आणि हा! पण त्यानं माझ्याशी तेच केलं होतं जे मी त्याच्याशी केलं, फक्त त्यानं ते सगळ्यांसमोर केलं.

पाच गुरुवार झाले. खुर्ची मी बदललेली नाही. रिमोट अजून माझ्यावरूनच जातो.