माहेरचं पिठलं

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं अक्काने सुताराला बोलावून काढायला लावली. गोकुळ रोडजवळचं हे घर आई-अप्पांचं. ते दोघे गेल्यापासून मी तिथे एकटीच राहते आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर ती विद्यानगरात गेली. सुताराने कारण विचारलं तेव्हा तिने कन्नडमध्ये सांगितलं की हिला जे दिसत नाही ते हिच्या लेखी नसतंच.

ते खरं होतं. मला एडीएचडी असल्याचं निदान चाळिशीत झालं. त्याआधी घरात त्याला धांदरटपणा म्हणत. फ्रिजच्या खणात मेथी सडायची. कुकर शिट्ट्या देत राहायचा आणि मी बाहेरच्या खोलीत तिसऱ्याच कामात गुंतलेली असायचे. भूक लागली आहे हे हात थरथरायला लागल्यावर कळायचं. मग फरसाण, बिस्किटं, जे समोर येईल ते. औषध सुरू झाल्यावर तर दुपारची भूकच मेली. अक्काच्या सासूबाई भेटल्या की चेष्टेने विचारायच्या, आज पेपरात कुठली भाजी छापली? अक्का मात्र रोज दुपारी ऑफिसात फोन करायची. बाकी सगळं मराठीत बोलायची, पण पहिला प्रश्न कन्नडमध्ये असायचा: "ऊट आतेन?" जेवण झालं का?

तिने मला स्वयंपाक शिकवायला घेतलं तेव्हा ती आजारी होती आणि तो आजार बरा होणार नाही हे दोघींना माहीत होतं. तिच्या तोंडाची चव गेली होती. पेज आणि ताक एवढंच पोटात टिकायचं. तरी दाजी तिला रिक्षाने आणून सोडायचे आणि ती ओट्याजवळ खुर्चीवर बसायची. फोडणीच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून नाकाला पदर लावून बसायची.

तिचे नियम थोडे होते. आधी नाश्ता, मग गोळी. मोड आलेली मटकी, शेंगाचटणी, फळं, सगळं उघड्यावर, डोळ्यांसमोर. काहीच जमलं नाही अशा दिवसासाठी टेबलावर कडक भाकऱ्यांची चळत. ती गल्लीतल्या बाईंकडून आणलेली चालेल. चिरणं-निवडणं पूर्ण झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. फोन बाहेरच्या खोलीत. आणि एकदा गॅस पेटला की पळी घेऊन उंच स्टुलावर बसायचं, तो बंद होईपर्यंत उठायचं नाही.

मला वाटत होतं, हे माझ्या तब्येतीसाठी चाललंय. एका दुपारी पिठल्यात गुठळ्या झाल्या. मी पातेलं बाजूला सारलं आणि खानावळीतून मागवते म्हणाले.

"त्या दिवशी खानावळीतलं चालणार नाही," अक्का म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"आमच्या घरात चूल पेटणार नाही त्या दिवशी. कडू घास माहेराहून यायचा असतो. माहेर म्हणजे आता तू एकटीच."

आमच्यात मृत्यूनंतरचं पहिलं जेवण सुनेच्या माहेरचे आणतात. पिठलं, भाकरी, भात. मी हे दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

"सासूबाई झाकण उघडून आधी वास घेतील," ती म्हणाली. "करपलं तर सावरून घ्यायला मी नसेन. चल, बेसन काढ परत."

मी बेसन काढलं. तिला चव कळत नव्हती, म्हणून ती आवाजावरून सांगायची. बुडबुडे जड वाजायला लागले की आच कमी कर. त्यानंतर ती येईल तेव्हा आम्ही पिठलंच करायचो. पुढे तिला तिच्या घरचा जिना उतरवेना आणि तिचं येणं थांबलं.

ती सकाळी गेली. दुपारी पुरुष तिला घेऊन निघाले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी घरी आले, आंघोळ केली, फोन बाहेर ठेवला. कांदा चिरून झाल्यावर गॅस पेटवला आणि स्टुलावर बसले. ते कुठपर्यंत पोचले असतील, कोणत्या रस्त्याने नेलं असेल, हे मनात येत होतं. बाहेर फोन वाजला आणि थांबला. उठले नाही. बुडबुडे जड झाल्यावर आच कमी केली.

पिठलं, भात आणि भाकऱ्या घेऊन विद्यानगरात पोचले तेव्हा मंडळी परतली होती. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला.

"कुणी केलं?"

"मी."

त्यांनी पहिलं ताट दाजींना वाढायला सांगितलं. दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातातच धरला. मग खाल्ला. सगळे जेवले. पातेल्यात काही उरलं नाही.

संध्याकाळी घरी आले. कुलपाला किल्ली लागेना. हात थरथरत होता, त्यावरून कळलं की सकाळपासून पोटात काही नाही. टेबलावरच्या चळतीतली एक भाकरी घेतली, शेंगाचटणी घेतली आणि स्टुलावर बसून खाल्ली. भाकरी पूर्ण संपवली. जेवण झालं होतं, आणि ते विचारणारं आता कुणी नव्हतं.