बाबांच्या गाडीतलं आवाजाचं बटन

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. डावा हात तेवढा राहिला. त्यांची जुनी जीपगाडी अजून आमच्याकडे आहे. फुलंब्रीहून शहरात सीटा, म्हणजे प्रवासी, न्यायच्या, तिकडून भरून आणायच्या, हेच काम त्यांनी तिच्यावर केलं. आता ती घरासमोर लिंबाखाली उभी असते. संध्याकाळी ऊन उतरलं की आई त्यांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवते, किल्ली फिरवते आणि बाबा रेडिओ ऐकतात. बॅटरी उतरू नये म्हणून आई सकाळी इंजिनही चालू करते. आधी ती या गाडीत कधी पुढे बसलेली मला आठवत नाही.

रेडिओच्या आवाजाचं बटन डाव्या हाताला येतं, म्हणून त्यांना ते फिरवता येतं. या बटनाबद्दल मला सांगायचं आहे. गाडी चालवायचे तेव्हा बाबांची एक सवय होती. नवीन माणूस चढला की ते आवाज कमी करायचे आणि विचारायचे, "कुठं उतरायचं?" उत्तर मिळालं की आवाज परत पहिल्यासारखा. आजारपणानंतर त्यांनी हीच सवय बोलण्याच्या जागी आणली. कुणी खिडकीपाशी आलं की ते बटन डावीकडं फिरवतात. म्हणजे, बोला, ऐकतोय. थकले की उजवीकडं फिरवतात. म्हणजे, पुरे आता. हे कुणी ठरवलं नव्हतं. गल्लीतल्या लोकांना ते आपोआप कळत गेलं. आवाज कमी झाला की माणूस टेकायचा, वाढला की हसत उठायचा. दवाखान्यातून आल्यावर बाबा भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. या बटनामुळं ते परत माणसांत आले, असं आई म्हणते. मलाही तसंच वाटतं.

ते बटन तुटलं. आईचा फोन आला तेव्हा मी शहरात, गारखेड्याला खोलीवर होतो.

"बटन नुसतंच फिरतंय. आवाज मोठाच अडकलाय. किल्ली बंद केली तरच गप होतं."

"बाबा?"

"बसतेत. पण कुणी थांबंना झालंय. आवाज मोठा असला की लोक म्हणतेत, आज त्यांना नको असंल, आन् पुढं जातेत. तू ये. तुझं तर तेच शिक्षण हाय."

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. आवाजाच्या बटनामागं काय असतं ते मी शिकलो आहे. त्याची आकृती काढून मार्कही घेतले आहेत. पण प्रत्यक्षात असा एकही रेडिओ मी कधी उघडला नव्हता. हे आईला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "येतो."

शनिवारी गेलो. बाबा गाडीतच होते. मला बघून त्यांनी सवयीनं बटन डावीकडं फिरवलं. ते गरगर फिरलं आणि निवेदक तसाच मोठ्यानं सोयाबीनवरच्या फवारणीची माहिती सांगत राहिला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईनं किल्ली बंद केली.

बटन ओढून काढलं. आत पितळेची बारीक दांडी असते, तीच मुळापासून मोडली होती. गोंद लावून काही होणार नव्हतं. आख्खा भाग बदलायला लागणार होता. पाने घेऊन रेडिओ काढायला बसलो तेव्हा शेजारचे काका आले. ते पूर्वी बाबांसारखीच जीप चालवायचे, त्याच रस्त्यावर.

"काय इंजिनेर, जमंल का?"

"बघतो काका."

"बघ बाबा. तुझा बाप चालू गाडीत एका हातानं वायरी जोडायचा."

बाबा हसले. त्यांचं हसू आता एकाच बाजूनं येतं. हसले म्हणून मला बरं वाटलं आणि मी मान खाली घालून पाना फिरवत राहिलो.

रेडिओ पिशवीत घालून मी परत शहरात गेलो. शहागंजला जुन्या टेपरेकॉर्डरचं सामान विकणाऱ्या एका दुकानात दाखवला. दुकानदार चाचांनी तो उलटा-पालटा करून पाहिला.

"ये अब किधर मिलता बेटा? नवा लगा डालो. रिमोट भी आता, मोबाइल भी जुडता."

"बटन फिरवायचंच पाहिजे, चाचा. वडिलांना दाबायचं जमत नाही."

नव्या रेडिओवर बारीक बटनं होती, हरभऱ्याएवढी. बाबांचा डावा हात आधीपासूनच बारीक कामाला सरावलेला नव्हता. चाचांनी डबा धुंडाळून एक जुळताजुळता भाग दिला. दांडी थोडी लांब होती, पण बसेल म्हणाले.

रूम पार्टनरकडून डाग द्यायची सोल्डरची गन मागून घेतली आणि रविवारी सकाळी घरी येऊन ओसरीत बसलो. जुना भाग निघता निघेना. गन जरा जास्त वेळ टेकवली आणि त्या भागाच्या पायाखालची, सर्किटवरची तांब्याची पट्टी सालपटासारखी उचलली गेली. वर्गात सर सांगतात की असं होऊ द्यायचं नसतं. झाल्यावर काय करायचं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. तुटलेल्या जागेवरून बारीक वायर टाकायची. ती टाकली. मग दुसरी पट्टी उचलली. आई दारातून बघत होती. चहा ठेवून गेली.

दुपार टळल्यावर रेडिओ जागेवर बसवला. बाबांना आणून बसवलं. आईनं किल्ली फिरवली. बाबांनी बटन फिरवलं, टक् आवाज झाला, काट्यामागचा दिवा लागला. पण रेडिओतून काहीच ऐकू आलं नाही. साधी खरखरसुद्धा नाही. बाबांनी डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. बटन सुरेख फिरत होतं.

"दिवा तर लागलाय," आई म्हणाली आणि भाकरी टाकायच्या म्हणून आत गेली.

मी शेजारच्या सीटवर बसून राहिलो. पुन्हा काढून बघावं, तर सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल होतं आणि पुन्हा काढलं तर आणखी काय उचकटेल याची भीती होती. तेवढ्यात रस्त्यानं काका आले. गाडी गप पाहून थबकले.

"झोपला का काय ह्यो?"

बाबांनी बटन डावीकडं फिरवलं. काही बदललं नाही. काका पुढं निघाले.

"काका," मी म्हणालो, "बसा ना. रेडिओ बंद पडलाय. पण बाबांनी तुमच्यासाठी आवाज कमी केलाय."

हे बोलताना मलाच कसंतरी झालं. काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबांच्या हाताकडं. मग मागचा दरवाजा उघडून सीटवर बसले, एखाद्या पॅसेंजरसारखे.

"आता ड्रायव्हरच बोलवायलाय म्हटल्यावर बसावं लागतंय," ते म्हणाले.

काका चांगलं बोलले. रस्त्याचं काम, कुणाची तरी नवी गाडी, पोरीच्या सासरची गोष्ट. बाबा मान हलवत होते. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं.

मग बाबांनी बटन उजवीकडं फिरवलं. काका मागं बसले होते, तिथून त्यांना बटन दिसत नव्हतं. ते पोरीच्या नणंदेबद्दल सांगत होते. बाबांनी परत डावीकडं आणून परत उजवीकडं नेलं, जरा जोरात. बटन शेवटाला जाऊन थांबलं. काकांचं बोलणं चालूच होतं. बाबांचं डोकं सीटला टेकलं होतं, कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला कळलं होतं. तोंडातून फक्त एवढंच काढायचं होतं, काका, बाबा थकलेत. पण आताच मी त्यांना हाक मारून बसवलं होतं. मोठ्या माणसाला, तेही इतक्या दिवसांनी थांबलेल्या, उठा कसं म्हणायचं? उद्यापासून ते परत थांबलेच नाहीत तर? मी "काका" म्हणालो. ते म्हणाले, "हां, तर मी काय सांगत होतो..." आणि मी गप बसलो.

शहराकडं जाणारी जीप कोपऱ्यावर हॉर्न वाजवायला लागली. आईनं आतून माझी बॅग आणून दिली. मी तिला म्हणालो, "बाबांना आत घे आता." ती म्हणाली, "घेते की, पाहुणा उठू दे."

जीपमध्ये मागं जागा मिळाली. वळणापर्यंत आमची गाडी दिसत होती. मागचा दरवाजा उघडाच होता आणि काकांचे हातवारे चालू होते. बाबांचा हात इतक्या लांबून काही दिसला नाही.