लेझीमबाईंच्या पोटऱ्या

लेझीमबाईंची शिट्टी वाजली की वडीगोद्रीतली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहतात, असं आम्ही म्हणायचो. नोकरीभर त्यांनी शाळेत मुलींना लेझीम शिकवली आणि निवृत्त झाल्यावरही भीमजयंतीच्या मिरवणुकीत पथकाच्या पुढे त्याच असायच्या. "डीजेपुढं नाचायला अक्कल लागत न्हाई, लेझमीला लागती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाले, तरी माझं पाऊल चुकलं की बाई चारचौघांत ओरडायच्या.

बाईंना शुगर होती, पण त्या तिला जुमानत नव्हत्या. एका वर्षी मात्र जयंतीच्या सरावात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. लेझीम वर गेली की पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची आणि बाई मटकन खाली बसायच्या. घरी गरम विटेचा शेक चाले. त्यांचा मुलगा घाबरला. म्हणाला, "आई, अवंदा टेम्पोत खुर्ची ठिवतो. बसून शिट्टी मार." बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला लावली. ते मला पोटरीतल्या गोळ्यांपेक्षा वाईट वाटलं. पथकापुढे बाई नाहीत, ही कल्पनाच मला सहन होईना.

मीच त्यांना जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साखर भलतीच चढलेली होती. डॉक्टरीणबाईंनी तळव्यांची संवेदना तपासली, पायाची नाडी पाहिली आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"शाळेत बाईमाणसाला जायला जागा न्हाई. मंग पाणी कशाला प्यायचं?"

"पण तुम्ही तर निवृत्त झालात ना?"

"मी झाले. सवय कुठं झाली?"

त्यातून शुगरमुळे सारखं लघवीला जावं लागे, म्हणून बाईंनी होतं तेही पाणी तोडलं होतं. मला हसू आवरेना. माझ्या पिशवीतली बाटलीही सकाळपासून भरलेलीच होती.

"साखर वाढली की लघवीवाटे पाणी आणि क्षार निघून जातात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "नसाही दुखावतात. गोळे येणारच. किडनी चांगली आहे तुमची, पोटभर पाणी प्या. गोळ्या वेळेवर घ्या. आणि वीट बंद! तळवे बधिर होताहेत, भाजलं तरी कळायचं नाही." मग त्यांनी टाचा जमिनीला टेकवून, भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला शिकवलं.

"ही तर कवायत झाली!" बाई खूश. दुसऱ्या दिवशी अख्खं पथक शाळेच्या भिंतीला लावलं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "बाई, भिंत पाडून राह्यल्या का?"

"पडली तर पडू द्या. पोटऱ्या उभ्या राह्यल्या पाह्यजेत!"

गोळे लगेच गेले नाहीत. एकदा सरावात आलाच. बाईंनी पाय लांब केला, चवडा अंगाकडे ओढून धरला आणि जरा वेळानं पुन्हा शिट्टी मारली. हळूहळू ते कमी होत गेले.

जयंतीच्या संध्याकाळी मुलगा खुर्चीसह टेम्पो घेऊन मागे मागे आलाच. बाई विहारापासून निघाल्या, थांबून थांबून पाणी प्यायल्या आणि हायवेच्या चौकात पोहोचल्या. शेवटच्या डावाला त्या उकिडव्या बसल्या तेव्हा गोळाच आला समजून मी पुढे धावले. पण बाई लेझीम छमकावत ताडकन उठल्या. सगळा चौक ओरडला. मी तर रडतच नाचत होते.

मुलगा टेम्पोतून उडी मारून पुढे आला. त्याचेही डोळे भरलेले. "आई, मला बी दे एक लेझीम."

बाई न थांबता म्हणाल्या, "जल्दी ये. पण मागल्या रांगंत. तुझे पाय बराबर पडत न्हाईत."

आणि तो शाळकरी पोरींच्या मागे जाऊन मुकाट्यानं उभा राहिला.