सल्लामसलतीचे आठवडे

माझ्या मित्राला मी सांगितलं होतं, त्या लोकांकडे जाऊ नकोस. आणि मग त्याला न सांगता मी स्वतः गेलो. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

म्युनिकमधल्या एका कंपनीत टेलिफोन यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये आम्ही दोघं होतो. तो नाशिकचा, मी पुण्याचा. वय सारखं, काम सारखं, रुजू झालो तेही एकाच उन्हाळ्यात. दोन हजार सालच्या आसपास आमच्यासारख्यांना आग्रहानं बोलावून घेतलं होतं. थोड्याच काळात ऑर्डरी आटल्या. एका सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि डायरेक्टरनं सांगितलं की आमच्या विभागातली बरीच माणसं कमी करावी लागतील. मात्र लगेच कुणाला पत्र मिळणार नव्हतं. कायद्यानं कंपनीला आधी बेट्रीब्सराटशी, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीशी, बोलावं लागतं. किती माणसं, का, कोणत्या निकषावर, हे सगळं त्यांच्यासमोर मांडायचं, काही वाचवता येतं का ते पाहायचं, रोजगार खात्याला कळवायचं. त्यानंतरच पत्रं.

ते आठवडे मला अजून आठवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूमचे पडदे दिवसभर ओढलेले असत. पर्सोनेलचा साहेब कँटीनमध्ये हसला तर आम्ही दोघं त्याचा अर्थ लावत बसायचो. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला, एवढं सरळ होतं ते. जर्मन सहकारी मात्र कॉफी घेता घेता उघड बोलायचे. कुणाचा घटस्फोट, कुणाची आजारी आई. वय, नोकरीची वर्षं, कुणावर किती जण अवलंबून आहेत, कुणाला अपंगत्व आहे, हे सगळं कुणाला काढायचं ते ठरवताना बघावं लागतं, म्हणून ते ही माहिती समितीला नेऊन देत होते. मला ते विचित्र वाटायचं. घरच्या गोष्टी ऑफिसात सांगायच्या नाहीत, असंच आमच्या घरी शिकवलं होतं.

समितीची प्रमुख एक दणकट बाई होती, हातात कायम सायकलचं हेल्मेट. ती टेबलाटेबलाशी येऊन म्हणायची, "कंपनीच्या कागदांवर नाही ते आम्हाला सांगा. आम्हालाच माहीत नसेल तर आम्ही तुमच्यासाठी भांडणार काय?"

मित्राची मोठी मुलगी नाशिकला आजीआजोबांकडे होती, दहावी तिथेच करायची म्हणून. कंपनीच्या कागदांवर फक्त धाकटा मुलगा होता. घरी जाताना ऊ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, फलाटावर त्यानं मला विचारलं,

"सांगू का रे मुलीचं?"

"वेडा आहेस का? उद्या व्हिसा ऑफिसात कळलं तर? मुलीला तिकडे का ठेवलंय म्हणतील."

"ठेवलंय म्हणजे काय, चोरून ठेवलंय का?"

"हे बघ, युनियनवाल्यांच्या मागे गेलं की माणूस साहेबाच्या डोळ्यांवर येतो. माझ्या काकांची पिंपरीतली नोकरी कशी गेली?"

"तुझे काका गेटवर घोषणा देत होते. मी मुलगी आहे एवढंच सांगणार." तो हसला. "जाऊ दे. तू पुण्याचा, तुझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? नाही सांगत."

त्या संध्याकाळी मी जे बोललो ते मला खरं वाटत होतं. पण त्याला दोन मुलं आणि मला एक, हा विचार तेव्हाच डोक्यात येऊन गेला होता. तो आला नव्हता असं मी म्हणणार नाही.

पुढच्याच आठवड्यात बायकोनं सांगितलं की दुसरं बाळ येणार आहे. आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. बोलणी संपत आली होती. जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट टाळून मी जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि त्या बाईला ते सांगितलं. तिनं अभिनंदन केलं, लिहून घेतलं. मग पेन तसंच हातात धरून म्हणाली, "तुमच्या टीममधला तुमचा मित्र आलाच नाही. त्याच्या घरी आणखी कुणी आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

पत्र त्याला आलं, मी राहिलो. जन्माला न आलेलं मूल ते धरतात की नाही, हे मला आजही नक्की ठाऊक नाही. कदाचित निकाल काही वेगळ्याच कारणानं लागला असेल. या 'कदाचित'वर मी बरेच दिवस काढले.

त्यानं नंतर, सगळं ठरून गेल्यावर, त्या बाईला मुलीचं सांगितलं. "ती डोक्याला हात लावून बसली रे," तो मला म्हणाला. "चुकलंच आपलं." आपलं म्हणाला तो. मी मान हलवली. काही महिने त्यानं दुसरी नोकरी शोधली, कुठेच जमलं नाही. किंडरगार्टनमध्ये रुळलेल्या, मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणाऱ्या मुलाला घेऊन ते निघाले. जाताना वहिनींनी त्यांचा मोठा कुकर माझ्या हातात दिला. "भावजी, आता तुमचं घर वाढणार. आम्हाला काय, तिकडे मिळेल."

त्यानंतर सुट्टीत भारतात गेलो की मी नाशिक टाळायचो. वेळ नाही म्हणायचो. तो फोनवर हसून म्हणायचा, "मोठा माणूस झालास बाबा." शेवटी एका डिसेंबरात गेलो. दार त्याच्या मुलीनं उघडलं, तेव्हा ती कॉलेजात होती. तिनं पाणी आणून दिलं, ते मी तसंच टीपॉयवर ठेवलं. वहिनी आतून "भावजी, जेवूनच जायचं हं" म्हणाल्या. मित्र समोर बसला होता. मी वहिनींनाही बाहेर बोलावलं.

"तुला जाऊ नको म्हणालो आणि मी गेलो होतो," मी म्हणालो. "तुझ्या घरी आणखी कुणी आहे का, असं त्या बाईनं मला सरळ विचारलं. हिचं नाव माझ्या ओठांवर होतं. मी माहीत नाही म्हणालो. घाबरलो होतो, पण काय करतोय ते मला कळत होतं. तुमचं तिघांचं मी नुकसान केलं, त्या लहानग्याचंही. मला माफ करा."