उपरण्याचं एक टोक

यंदाच्या आखाजीपर्यंत, म्हंजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बायकोला सांगितलं न्हाई, आई गेली तिलाही न्हाई. आता तुमच्यापाशी बोलतोय — सुरुवात कुठून करू? झाडापासूनच करतो.

आमच्या धावडा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमच्या भावकीची देवराई आहे. मधोमध वड. किती जुना? आजोबा म्हणायचे, आपण इथं यायच्या आधीचा. राईतली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी नेत न्हाई. आखाजीला सगळी भावकी हातात हात धरून त्या खोडाला कव घालते. त्याआधी वडीलधारं माणूस विचारतं, मनात काही असंल तर आधी बोला, मंग हात धरा. आणि ज्यानं राईला इजा केली, त्यानं दगडांच्या हद्दीबाहेर चपला राखत बसायचं.

चपला राखत बसायचा माझा चुलतभाऊ — ज्ञानबा.

मी कॉलेजात होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आल्तो. वडाच्या ढोलीत बसून चोरून बिडी ओढायची मोठी हौस! एकदा मोठ्या चुलत्यांचा, तात्यांचा, खोकला ऐकू आला. मी पेटती बिडी तशीच ढोलीत टाकून नाल्याकडं सटकलो. आत वाळला पाला, बाहेर वैशाखाचा वारा. कॉलेजात जाणाऱ्याला एवढी अक्कल नसावी? धूर आधी ज्ञानबानं पाहिला. तो घागरी घेऊन धावला, दोन्ही हात भाजून घेतले, तेव्हा कुठं खोड वाचलं. पण एक फांदी — फांदी कसली, झाडाएवढी ती — धाडकन खाली आली.

सगळे जमले. ज्ञानबा काजळीनं माखलेला, मी कोरडा. ज्ञानबा धूर करून रानातली मोहळं काढतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तात्यांनी मला विचारलं, तू इकडंच होतास, काय पाहिलंस? गप्प बसलो असतो तरी एक वेळ — पण न्हाई. मी म्हणालो, "ज्ञानबा मोहळ काढून राह्यला होता."

मोहळाचं कोणी विचारलं होतं का मला? ते मीच जोडलं, आपल्या मनानं.

शिकलेल्या पोराचा शब्द. ज्ञानबा किती सांगत होता, पण तो हद्दीबाहेर गेला. कवेत त्याची जागा माझ्या शेजारी. ती रिकामी पडली, कव पुरी होईना, म्हणून तात्या तिथं आपलं उपरणं देऊ लागले. एक टोक मी धरायचं. दर आखाजीला जालन्याहून यायचो, तात्या विचारायचे, मी मान खाली घालून टोक घट्ट धरायचो. ज्ञानबा तिकडं चपलांपाशी. आणि माझी चप्पलही तोच राखायचा बरं का.

यंदा ज्ञानबाची पोरगी पहिल्यांदा कवेत उभी राहिली. उपरण्याचं दुसरं टोक तिच्या हातात आलं. ती हळूच म्हणाली, "काका, हे माझ्यानं धरवत न्हाई. आबा तिथं बसून राह्यलेत."

तात्यांनी नेहमीसारखं विचारलं. आणि मी बोललो. बिडी, ढोली, मोहळ — सगळं. मधी थांबलो न्हाई. ज्ञानबा उठला, चपला काढून आत आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"ह्या वडाचं मोहळ मी कधीच काढलं न्हाई," तो म्हणाला. "तुला ठाऊक होतं."

होतं.

मला बाहेर जा असं कोणी म्हणालं न्हाई. मीच गेलो. ज्ञानबा आपल्या जागेवर उभा राहिला, एका हातात पोरीचा हात. उपरणं आता माझ्या जागी लागलं, त्याचं एक टोक त्याच्या दुसऱ्या भाजलेल्या हातात. लाज वाटली का? वाटली की. पण खरं सांगू — छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशी आखाजीची पुरणपोळी मला कैक वर्षांनी गोड लागली, आणि मी दुसरी मागून घेतली. ह्याचीही थोडी लाज वाटते.

ज्ञानबा अजून माझ्याशी बोलत न्हाई. पुढच्या आखाजीला मी जाणार आहे, चपला राखायला.