नेमुरिसावाच्या थांब्यावरची एकुलती एक प्रवासी

तोकुमारू ड्रायव्हरच्या पहिल्या दर्शनानं इत्सुए आजी थेट स्वर्गात पोचायच्याच बाकी होत्या. एका डब्याची गाडी थांबली, खिडकीतून पांढरा हातमोजा भाल्यासारखा बाहेर आला आणि डोंगरावरची माकडं गाव सोडून जातील अशी गर्जना झाली, "सिग्नल हिरवा! फलाट मोकळा!" आजींनी दोन्ही हात वर केले.

"हात खाली घ्या, आजी. मी रुळांशी बोलतोय."

"मग हळू बोल की मेल्या! रूळ काय बहिरे आहेत?"

बोट दाखवून मोठ्यानं म्हटल्याशिवाय खात्री झाली असं मानायचं नाही, हा ओनिकुरा मार्गावरच्या सगळ्याच ड्रायव्हरांचा धर्म. पण बाकीचे पुटपुटत. तोकुमारू म्हणे घरी जेवणाआधीही "भात! सूप! लोणचं!" असं ओरडून घेई. नेमुरिसावाला तर त्यानं स्वतःची भर घातली होती. शेवटी आजींकडे बोट : "आजी, ठीक!"

गावात घर उरलं होतं ते आजींचंच. रिकामा थांबा कंपनी बंद करणार, असं डिसेंबरात कानावर आलं आणि आजी रोज पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येऊ लागल्या. काम काही नाही. फलाटाच्या फळ्या त्यांच्या नवऱ्यानं ठोकल्या होत्या; आपल्या डोळ्यांदेखत त्या उखडू द्यायच्या नाहीत, एवढंच.

"आज कुठं स्वारी?" गाडीतला गेन्पेई मासेवाला छेडायचा.

"तुझ्यासाठी मुलगी बघायला. वास आला आणि पळाली."

फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावर आजींचा पाय मुरगळला. सुजलेला घोटा धरून त्या घरात बसल्या, पण जीव सगळा फलाटात. आज तो रिकामा दिसणार! एवढ्यात गाडी आली.

"सिग्नल हिरवा! फलाट मोकळा! आजी..."

पुढे काहीच नाही. आजींनी घराच्या खिडकीतून पाहिलं. हातमोजा हवेत तसाच लटकलेला.

"अरे, सोड की गाडी!" गेन्पेई ओरडला. "माझे बांगडे म्हातारे होतील!"

"आजी दिसल्या नाहीत. जे दिसलं नाही ते ठीक कसं म्हणू?"

"मग आता?"

"तू बघून ये."

गेन्पेई शिव्या घालत, मांडीभर बर्फ तुडवत दारात आला. घोटा पाहताच त्यानं पाठ पुढे केली. "चला आजी, डॉक्टरकडे."

"आधी फलाटावर."

"अहो, पाय बघा केवढा झालाय!"

"पाय माझा आहे, मी बघेन. तू मला फलाटावर उभी कर."

बांगड्यांचा वास मारणाऱ्या त्या पाठीवर बसून आजी निघाल्या. फलाटावर एका पायावर ताठ उभ्या राहिल्या. तोकुमारूनं बोट दाखवलं, घोट्याकडे पाहिलं आणि नोकरीत पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "आजी, ठीक नाहीत."

मग स्वतः खाली उतरून त्यानं त्यांना आत बसवलं. गाडीला उशीर झाला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

थांबा मार्चअखेर बंद झाला. प्रवाशांची मोजणी कंपनीनं नोव्हेंबरातच उरकली होती.